तो कुत्रा कुणाचा

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

तू गावचं घर आणि मागची कोंबड्यांची शेड मला द्यायला तयार आहेस, असा निरोप भाच्याने फोनवर दिला. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते, म्हणून खात्री करायला लिहिते आहे. खरंच देते आहेस ना?

इथली जागा मालकाने विकायला काढली आहे. मार्चच्या आत बाहेर पडायचं आहे. गेली अकरा वर्षं या बंद पडलेल्या छापखान्यात मी म्हातारी कुत्री आणि मांजरं सांभाळते आहे, हे तुला ठाऊक आहेच. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते तेव्हा लोक धडधाकट म्हातारी कुत्री सुई देऊन संपवायला आणायचे. घर बदलतोय म्हणून, मूल झालं म्हणून, गालिचा नवा घेतला म्हणून. ते बघवेना, म्हणून हा उद्योग मागे लावून घेतला. आता आम्ही सगळेच म्हातारे झालो आहोत. माझे गुडघे आणि हवालदारचे गुडघे एकाच वेळी कुरकुरतात. हवालदार म्हणजे गोदामावर पहारा देणारा कुत्रा. दात पडले तेव्हा कंपनीने त्याला फाटकाबाहेर काढला.

दादा गेला तेव्हा मी एका दिवसापुरती आले होते. तेवढ्यात शेड नीट पाहिली नाही. छप्पर गळतं का? फरशी आहे का? पाण्याचं काय? तू भाच्याकडे राहायला गेल्यापासून घर बंदच आहे ना? मागे काही राहिलं असेल, कुणाला काही द्यायचं असेल, तर आधीच सांग. मला नंतरचे घोळ नकोत.

तुझी
वन्सं


१८ जानेवारी

वन्सं, सप्रेम नमस्कार.

हो, खरंच देते आहे. तुमच्याइतका त्या जागेचा उपयोग कोण करणार? हे गेल्यावर कोंबड्या विकल्या, तेव्हापासून शेड रिकामी आहे. खाली सिमेंटचा कोबा आहे आणि मोरीकडे उतार आहे, त्यामुळे धुवायला सोपं जाईल. जाळी दोन ठिकाणी फाटली आहे. छप्पर उत्तरेच्या कोपऱ्यात गळतं, तिथे मी बादली ठेवत असे. विहिरीवरची मोटर सुरू करायला जरा थोपटावं लागतं.

किल्ली डेअरीवाल्याकडे ठेवली आहे. रस्त्यावर दुधाचं संकलन करतो तोच. माणूस भला आहे पण बोलायला लागला की थांबत नाही. त्याच्या सगळ्या गोष्टी मनावर घेऊ नका.

मागे काही राहिलेलं नाही. मागच्या ओट्यावर एखादं गोणपाट, जुनी वाटी असं काही दिसलं तर टाकून द्या.

इथे माझं ठीक चाललं आहे. चौथा मजला, लिफ्ट आहे. सूनबाई नोकरीवर जाते, मुलगा उशिरा येतो. मी खिडकीत बसते. सगळे माझी काळजी घेतात. कुणाला माझा त्रास होऊ नये एवढंच मी बघते.

तुमची
वहिनी


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

आलो बाई एकदाचे. टेम्पोच्या तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेत मांजरं. ती वाटभर अशी ओरडली की टेम्पोवाल्याने गाणी लावली, मग गाणी आणि मांजरं दोन्ही ऐकावी लागली. दुसऱ्या खेपेत चालती-फिरती कुत्री, तिसऱ्या खेपेत उचलून न्यावी लागणारी. बाईसाहेब माझ्या मांडीवर होती. ती आंधळी आहे. बंगल्यात वाढली, त्यामुळे अजून गादीशिवाय बसत नाही. ती दोनदा माझ्या अंगावर ओकली आणि नंतर शांत झोपली.

जागा सोन्यासारखी आहे. कोब्यावर जुनी सतरंजी आणि पोती अंथरली, पायऱ्यांना फळ्यांचा उतार करून घेतला. सकाळी ऊन सरळ आत येतं. पेन्शनर, तो ठार बहिरा, उन्हात आडवा पडला आणि त्याने असा सुस्कारा टाकला की मला रडू आलं. दादाच्या घरात इतके जीव सुखाने झोपलेत, हे तुझ्यामुळे.

एक कटकट मात्र आहे. एक तपकिरी कुत्रा रोज संध्याकाळी मागच्या ओट्यावर येऊन बसतो. म्हातारा आहे. तोंड पांढरं, अंगावर खरजेचे चट्टे, बरगड्या मोजून घ्याव्यात. दाराकडे तोंड करून बसतो आणि अंधार पडला की भुंकायला लागतो. आत माझी सगळी पलटण बिथरते. खरूज आत शिरली तर माझी निम्मी म्हातारी जातील, म्हणून त्याला फाटकाबाहेरच ठेवते. पण तो कुंपणाखालून येतो. कुठून यायचं हे त्याला बरोबर ठाऊक आहे.

हा भटका नाही, वहिनी. माणसाच्या हातचा आहे. ‘बस’ म्हटलं की बसतो. कुणी तरी पाळला, म्हातारा झाला तसा सोडून दिला. अशा लोकांना मी जन्मभर बघत आले आहे. चांगलीचुंगली माणसं असतात, देवपूजा करतात, शेजाऱ्याच्या आजारपणात धावून जातात, आणि दहा वर्षं पायाशी झोपलेला जीव रस्त्यावर टाकून शांत झोपतात. मला एकदा त्या माणसाचं तोंड बघायचं आहे.

डेअरीवाल्याला विचारायला गेले होते, पण त्याच्या जावयाची गोष्ट संपेना, म्हणून परत आले.

तुझी
वन्सं


३ मार्च

वन्सं, सप्रेम नमस्कार.

तुम्ही सगळे सुखरूप पोचलात हे वाचून बरं वाटलं. पेन्शनरचं वाचून हसू आलं. मोटर सुरू होते आहे ना?

त्या कुत्र्याला जरा काही खायला घालत जा. म्हातारा आहे म्हणता, तर मऊच काही तरी. अजून लंगडतो का? थंडीत पाय जास्त धरत असेल. खरजेला काही औषध असेलच तुमच्याकडे.

लोक का सोडून जातात ते आपल्याला बाहेरून कसं कळणार? काही अडचण असेल.

इथे सगळं ठीक.

तुमची
वहिनी


१५ मार्च

प्रिय वहिनी,

तुझा स्वभाव मऊ, म्हणून तुला सगळ्यांच्या अडचणी दिसतात. मला नाही दिसत. अडचण सांगणारा प्रत्येक माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहून गेला आहे. लंगडतो म्हणालीस, ते बरोबर ओळखलंस. मागचा डावा पाय धरतो. या वयात बहुतेक धरतातच.

पण आता तो विषय संपला. गेल्या आठवड्यात तो आत शिरला आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन आडवा झाला. हवालदार त्याच्यावर धावून गेला. दोघांनाही धड दात नाहीत, तरी रक्त निघालं. हवालदारच्या कानाला मी टाके घातले. त्यानंतर तो तपकिरी दिसलेला नाही. कुणी नेला असेल किंवा गेला असेल कुठे. सुटलो म्हणायचं. ओट्यावरची वाटी आणि गोणपाटही टाकून दिलं, तू म्हणाली होतीस तसं.

उत्तरेचा कोपरा दुरुस्त करून घेतला. आता गळणार नाही.

तुझी
वन्सं


२२ मार्च

वन्सं,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

तो कुत्रा माझा आहे. त्याचं नाव सुतार. पिल्लू होता तेव्हा आमच्या सगळ्या खुर्च्यांचे पाय त्याने कुरतडले, म्हणून यांनी ते नाव ठेवलं. गोणपाट त्याचं, वाटीही त्याची. तुम्ही हे गेले तेव्हा आलात, त्या दिवशी गर्दी होती म्हणून त्याला शेडच्या मागे बांधला होता. तुमच्या लक्षातही आला नसेल.

मुलगा मला न्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, सुतारचं काय करायचं? मी म्हटलं, राहील गावात, चार घरं आहेत, कुणीही घालेल खायला. डेअरीवाल्याला सांगून आले होते खरं, पण त्याच्याकडे रस्त्यावरचीच पाच-सहा आहेत. गाडी निघाली तेव्हा सुतार वळणापर्यंत मागे धावला. त्या पायावर. मी मागे वळून बघितलं नाही. मुलाला वाटलं मी घरासाठी रडते आहे. मी ते तसंच राहू दिलं.

सूनबाईला कुत्री चालत नाहीत. स्वच्छतेची फार आवड आहे तिला. मी तरी काय करणार होते?

तुम्हाला जागा हवी आहे हे कळल्यावर मी लगेच घर देते म्हटलं, ते मोठ्या मनाने नाही. तुम्ही गेलात की तो आपोआप तुमच्यात मिसळून जाईल, आणि मला काही सांगावंच लागणार नाही, असं वाटलं होतं. मग तुमचं पत्र आलं. त्या माणसाचं तोंड बघायचं आहे, असं लिहिलं होतंत. त्यानंतर मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

आता तो येत नाही म्हणता. गेला असेल. तुम्ही त्याला बाहेर ठेवता हे मला कळलं होतं. नुसतं नाव कळवलं असतं तरी तुम्ही आत घेतला असता. मी मोटर चालते का ते विचारत बसले.

वहिनी


२६ मार्च

वहिनी,

तुझं पत्र काल मिळालं. तो मेलेला नाही. निदान मला माहीत असेपर्यंत नव्हता. आता माझं ऐक.

हवालदारशी झटापट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला पेंढा घेऊन आला होता. मी त्या कुत्र्याला पोत्यात घालून टेम्पोत चढवला आणि नदीपलीकडच्या वस्तीजवळ सोडून ये म्हणून सांगितलं. टेम्पोवाला माझ्याकडे बघत राहिला. मला म्हणाला, “बाई, तुम्ही सांगताय हे?” मी त्याला माझ्या अडचणी सांगितल्या. खरूज, जागा कमी, आतली म्हातारी. सगळ्या खऱ्या होत्या. माझ्या टेबलासमोर लोक सांगायचे त्याही खऱ्याच असायच्या.

तुला लिहिलं की कुणी नेला असेल. नेला मीच.

आणि तो कुठल्या घरातून नेला, हे काल कळलं. ज्या दाराकडे तोंड करून तो बसायचा ते त्याचंच दार होतं. मी कालपरवा आलेली, आणि मी त्याला त्याच्या घरातून हाकलून दिलं. माझ्या फाटकावर पाटी आहे, ‘म्हाताऱ्या प्राण्यांचा आसरा’. ती रंगवून घेतली त्याला महिनाही झाला नाही. आज तिच्याखालून जाताना मान खाली गेली.

टेम्पोवाल्याला बोलावलं आहे. उद्या नदीपलीकडे जाते. तू इतक्यात काही लिहू नकोस. मला तुझ्याकडून समजूत घालून घ्यायची नाही आणि तुझी घालायचीही नाही.

वन्सं


४ एप्रिल

वहिनी,

सापडला.

वस्तीत कुणी पाहिला नव्हता. दोन दिवस पायपीट केली, माझ्या गुडघ्यांनी मला सगळी नावं ठेवली. शेवटी डेअरीवाल्याने सांगितलं की दूध घेऊन जाताना एका लाकडाच्या वखारीत असा कुत्रा पाहिला. त्या वखारीचा रखवालदार आम्हाला मागे घेऊन गेला. भुशाच्या ढिगात झोपला होता. मी लांबून ‘सुतार’ म्हणून हाक मारली, तर रखवालदार म्हणाला, सुतार दुपारनंतर येतात. टेम्पोवाला हसला, मलाही हसू आलं, आणि तेवढ्यात त्या ढिगातून शेपटी हलली.

माझ्याजवळ आला, वहिनी. मीच पोत्यात घातला होता, तरी आला. नावाने बोलावलं, एवढं त्याला पुरलं.

पाय सुजला आहे, खरजेत जखमा झाल्या आहेत. त्याला स्वयंपाकघरात ठेवला आहे, बाकीच्यांपासून वेगळा. वाटी नवीन आणली, ती त्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. आता हातावर खातो. औषधाने फरक पडतो आहे. बाईसाहेब भिंत चाचपत त्याच्या दाराशी जाते आणि फटीला नाक लावून बसते. तिला आत सोडायला अजून पंधरा दिवस तरी जातील असं वाटत होतं, पण खरजेला ती घाबरत नाही असं दिसतंय. दाराच्या फळीखालून शिरली आणि त्याच्या पोटाशी झोपली. आता तिलाही औषध चालू.

तुला यायचं असेल तर ये. मी काही बोलणार नाही. बोलायला मला तोंड नाही.

वन्सं


९ एप्रिल

वन्सं, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी हातात धरून बसले होते, सूनबाई कामावरून लवकर आली आणि तिने मला रडताना पाहिलं. काय झालं विचारलं. मी पत्रच पुढे केलं. माझ्याच्याने सांगवलं नसतं.

तिने वाचलं, मग म्हणाली, “आई, आमच्याकडे लहानपणी तीन कुत्री होती. मला कुत्री चालत नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

कुणीच सांगितलं नव्हतं. तिने सोफ्यावरचा एक केस उचलून टाकलेला मी कधी तरी पाहिला होता. तेवढ्यावर मी ठरवून टाकलं. तुम्हाला लिहिलेल्या पत्रात तिच्या माथी मारलं, आणि ती बिचारी इथे मला पाण्याचा पेला आणून देत होती. मला अडगळ व्हायचं नव्हतं, म्हणून मी त्याला अडगळ केलं. त्याच्याबद्दल विचारलं असतं आणि नाही म्हणाले असते, तर मग माझ्याबद्दलही ते मनातून काय म्हणत असतील ते कळलं असतं, ही भीती होती. आता कळतंय, असं काही नव्हतंच.

रविवारी सूनबाई मला घेऊन येते आहे. सुतारला इकडे आणू म्हणते. लिफ्ट आहे, पायाचा प्रश्न येणार नाही. तुम्ही काही खायला करू नका. मला तुमच्यासमोर बसून घास उतरणार नाही.

तुमची
वहिनी


१४ एप्रिल

वहिनी,

काही बोलणार नाही म्हटलं होतं. काल बोललेही नाही. तू अंगणात उतरलीस तेव्हा तो लंगडत आला आणि तुझ्या पायावर डोकं ठेवून उभा राहिला, तेव्हा मी आत निघून गेले. तुम्ही त्याला गाडीत बसवलंत, तेव्हाही फाटक उघडून बाजूला झाले.

पण मी फाटकातच उभी होते. गाडी वळणापाशी थांबली. मागचं दार उघडलं. तू त्याला खाली उतरवलंस आणि थोड्या वेळाने गाडी निघून गेली. तो एकटा रस्त्याने परत आला.

त्याच वळणावर? काय झालं, गाडी घाण केली? वास आला? अर्धा फर्लांगही नव्हता झाला. नको होता तर फाटकातच सांगायचं होतंस, मी काय नाही म्हणाले असते?

मी स्वतः काय केलं ते मला आठवतं. पण मी ते दोनदा केलं नाही.

तो बरा आहे. खाल्लं.

वन्सं


१८ एप्रिल

वन्सं, सप्रेम नमस्कार.

तुम्ही तसं समजलात यात तुमची चूक नाही. माझी पत तेवढीच उरली होती. फाटकातून जे दिसतं ते तसंच दिसणार.

मी मागे त्याच्याशेजारी बसले होते. अंगणात तो मला भेटला तो जणू मी बाजारात जाऊन आले असं. रागावला असता, ओळख दिली नसती, तर मला सोपं गेलं असतं. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हाही शांत होता. मग तुमच्या स्वयंपाकघरातून ती आंधळी बाईसाहेब ओरडायला लागली. तुम्हाला ऐकू आलं नसेल. तो उठला, काचेला नाक लावलं आणि अंग थरथरायला लागलं. सूनबाईने गाडी बाजूला घेतली. काय करू, म्हणाली. मी दार उघडलं आणि आधी मी उतरले. त्याला हाताने उतरवला, पट्टा धरून ठेवला होता. तो माझ्याकडे बघत राहिला. ओढत नव्हता. मी धरून ठेवला असता तर आला असता माझ्याबरोबर, कुरकुर न करता. तेच मला सहन झालं नाही. मी पट्टा सोडला.

तो गेला. मागे वळून बघितलं नाही. ते बरोबरच होतं.

मी रस्त्यात उभी होते. सूनबाई खाली उतरून माझ्याजवळ आली, माझा हात धरून तिने मला गाडीत बसवलं. लिफ्टमध्ये ती म्हणाली, “आई, तुम्हालाही तिथेच उतरायचं होतं का?”

मी नाही म्हटलं. सवयीने. तिने पुन्हा विचारलं नाही. पुढचे दिवस मी खिडकीत बसून होते, तुमचं पत्र आलं तेही तिथेच वाचलं. आज सकाळी ती चहा गाळत होती, तेव्हा मी तिच्या पाठीकडे बघत म्हटलं, हो, उतरायचं होतं. तिने मुलाला हाक मारली. तो आला आणि त्याने विचारलं की आधी का नाही सांगितलंस.

मी आले तर घर माझं आहे म्हणून येणार नाही. ते मी तुम्हाला दिलं, आणि ज्या मनाने दिलं ते तुम्हाला आता ठाऊक आहे. तुमच्या गुडघ्यांना मदत होईल असंही म्हणवत नाही, कारण माझेही तसेच आहेत. सकाळी कोबा धुवीन, औषधं घालायला शिकवाल तर घालीन. झोपायला कुठेही चालेल.

तुमच्याकडे म्हाताऱ्यांना घेताना तुम्ही काय बघता, ते मला माहीत नाही. मला घ्याल का?

तुमची
वहिनी